चांदीचं काही होत नाही

आमच्या घरात कुठल्याही गोष्टीवर सरळ विश्वास ठेवायला बंदी होती. ही बंदी बाबांनी घातली होती. ते दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. मशीन सांगते ते खरं, माणूस सांगतो ते तपासून घ्यायचं, असं त्यांचं मत होतं. रविवारी वंदना झाली की ते आम्हा दोघी बहिणींना तसबिरींसमोर बसवून समजावायचे की आपला धम्म डोळे झाकून मानायचा नाही. खुद्द तथागतानंच सांगून ठेवलंय, मी म्हणतो म्हणूनसुद्धा मानू नका, आधी पारखा, मग घ्या. बाबांनी हे इतकं मनावर घेतलं होतं की बाजारातला दुधी नख लावल्याशिवाय, ज्वारी दाताखाली धरल्याशिवाय आणि रॉकेल चिंधीवर पेटवून पाहिल्याशिवाय घरात येत नसे. आजोबांच्या वेळी ज्या कोनाड्यात देव असत, तिथं आता बाबांचे पाने आणि पेचकस असत, आणि माय म्हणायची, देवाला निदान हात लावायला परवानगी होती, या पेचकसाला तेवढीही नाही.

जिनिंग घराच्या पाठीमागंच होतं. हंगामात दिवसभर रोलरचा धडधडाट चाले. तो आम्हाला ऐकूच येत नसे. बंद पडला की मात्र सगळे दचकून एकमेकांकडे बघत. सरकीचा तेलकट वास उशीपर्यंत पोचलेला, आणि रुईचे धागे हवेत तरंगत येऊन वरणावर बसत. पाहुणा ताटात बोट घालून धागा काढू लागला की माय म्हणे, राहू द्या, पोटात जाऊन वात होईल फार तर. अंबाडीच्या भाजीचे दिवस आले की ती शेजारणीचा मातीचा गंज, म्हणजे पातेलं, मागून आणी, कारण आमच्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, गंजात आंबट शिजवून शिजवून आतून बारीक खड्डे पडले होते. ज्वारीच्या कण्या, त्यावर ती भाजी, वरून लसणाची जळती फोडणी. आता माझ्या घरी स्टीलची भांडी आहेत, खड्डे पडत नाहीत, आणि भाजीही तशी लागत नाही. यात कारण आणि परिणाम आहे की नुसतं म्हातारपण, हे मी अजून ठरवलेलं नाही.

ज्या वर्षाबद्दल लिहिते आहे, त्या वर्षी मी मॅट्रिकला होते आणि माझ्या मोठ्या बहिणीचं, सुजाताताईचं, लग्न ठरलं होतं. ताई शिवणकाम करायची. आमच्या घरात न तपासता कुणाचा शब्द मानला जात असेल तर तो तिचाच, कारण ती फारसं बोलत नसे. मुलगा नेरला प्राथमिक शाळेत गुरुजी. नाव प्रभाकर. उंच, सडपातळ, आणि इतका हळू बोलणारा की तो बघायला आला तेव्हा त्यानं काय विचारलं ते ताईला कळलंच नाही. तिनं अंदाजानं हो म्हटलं. नंतर समजलं, त्यानं पाणी मिळेल का असं विचारलं होतं. त्याचे वडील मात्र तालुक्यात सभा गाजवणारे. साध्या लग्नावर, खोट्या मोठेपणावर त्यांचं एक भाषण होतं, ते ताईच्या साखरपुड्यात, म्हणजे आमच्याकडच्या साक्षगंधातही, झालं. आमच्यात हुंडा नाही, हे दोन्ही बाजूंनी पुन्हा पुन्हा सांगितलं. मग बाबांनी नवरदेवाच्या मनगटावर सोनेरी फॉरेनचं घड्याळ बांधलं, आणि त्यांच्याकडून ताईच्या पायात चांदीच्या तोरड्या पडल्या. मांडवात त्या अशा चमकल्या की बायका चेहरा सोडून पायच बघत राहिल्या. थोरल्या सुनेला दिल्या तशाच धाकटीलाही, असं व्याह्यांनी चारचौघांत मोठ्यानं सांगितलं.

तोरड्या ताईला सैल होत होत्या. दुसऱ्या दिवशी बाबांनी कोनाड्यातून पक्कड काढली, ओट्यावर बसून दोन्हींतली एकेक कडी तोडली आणि टोकं पुन्हा जुळवून दिली. एरवी कुठलंही काम करताना त्या कामाविषयी बोलत राहणारे बाबा त्या वेळी गप्प होते. तोडलेल्या कड्या त्यांनी खिशात टाकल्या. ताईनं त्या मागून घेतल्या आणि बांगड्यांच्या डब्यात ठेवल्या. चांदी आहे, कुठंतरी कामी येईल, म्हणाली.

आमच्या शाळेत याच्या अगदी उलट होतं. तिथं तपासायला बंदी होती. विज्ञान शिकवायला वानखडे सर होते, आणि प्रयोगशाळा म्हणजे त्यांच्या खुर्चीमागचं कुलूपबंद कपाट. त्यात परीक्षानळ्या होत्या, चंचुपात्रं होती, आणि एका पत्र्याच्या डबीत मॅग्नेशियमच्या फितीचा वीतभर तुकडा होता. तो आधीच्या सरांनी यांच्याकडे सोपवला होता आणि हे पुढच्यांकडे सोपवणार होते. प्रयोग सर तोंडी सांगत. कृती, निरीक्षण, अनुमान. ‘जस्ताचे तुकडे विरल हायड्रोक्लोरिक आम्लात टाकले असता बुडबुडे येतात. जळती काडी नळीच्या तोंडाशी नेली असता फट् असा आवाज होऊन वायू जळतो. तो हायड्रोजन होय.’ आम्ही लिहून घ्यायचो. मॅग्नेशियम सर्वांत जोरात, मग ॲल्युमिनियम, मग जस्त, मग लोखंड, शिसं नावापुरतं, तांबं, चांदी, सोनं यांचं काही होत नाही. ही उतरंड मला पाठ होती आणि त्यातला एकही बुडबुडा मी पाहिला नव्हता. सरांची बाजूही सांगायला हवी. आधीच्या शाळेत त्यांच्या देखत एका मुलाच्या हातावर आम्ल सांडलं होतं, आणि तेव्हापासून त्यांना वाटे की विज्ञान हे ऐकून घेण्यातच शहाणपण आहे.

दिवाळीनंतर बातमी आली की यवतमाळहून साहेब तपासणीला येणार आणि मुलींनी स्वतः केलेला प्रयोग बघणार. सर दोन दिवस खिन्न होते. मग त्यांनी कपाट उघडलं. आम्ल कुठूनसं आणलं, पण धातू नव्हते. म्हणून त्यांनी वर्गाला सांगितलं की ज्याच्या घरी जे असेल ते आणा. आम्ही शाळेचं भंगार करून टाकलं. कुणी सायकलचा आरा आणला, कुणी जळलेल्या मोटरीची तांब्याची तार, कुणी मासे धरायच्या जाळ्याचं शिसं. बॅटरीचा संपलेला सेल फोडून त्याचं जस्ताचं कवच निघालं. एकीनं आईला न विचारता जर्मनच्या डब्याचं झाकणच आणलं होतं. राहिली चांदी आणि सोनं. सोन्याचं नाव सरांनी काढलं नाही. चांदीवर मात्र त्यांचा जीव होता. सगळे धातू फसफसत असताना एक निवांत पडून आहे, हे साहेबांना दाखवायला बरं दिसेल, असं त्यांना वाटत होतं. मी हात वर केला.

घरी ताईला विचारलं. ती म्हणाली, “चांदीले काही होत नाही म्हणतात ना तुझे सर? मग ने.” आणि डब्यातली एक कडी तिनं स्वतः काढून माझ्या हातावर ठेवली.

साहेबांच्या आधी सरांनी एक रंगीत तालीम घेतली. खिडकीच्या कट्ट्यावर नळ्या ओळीनं लाकडी घोडीत उभ्या केल्या, आणि सरांनी हात लांब धरून प्रत्येकीत आम्ल ओतलं. मी आयुष्यात पहिल्यांदा जस्तावरचे बुडबुडे पाहिले. ते वहीतल्यापेक्षा फार सुंदर होते. तुकड्याच्या कडेकडेनं मोत्यासारखे येत होते आणि वर जाऊन नाहीसे होत होते. लोखंडाचं काम सरकारी कचेरीसारखं संथ चाललं होतं. तांबं ढिम्म. ॲल्युमिनियमनं मात्र सरांचा अपमान केला. जस्ताच्या आधी ज्यानं उसळायला हवं होतं ते झाकण नुसतं पडून राहिलं. वर्ग सरांकडे बघू लागला. या धातूच्या अंगावर ऑक्साइडचा एक पातळ थर असतो, तो विरघळेपर्यंत आतल्या धातूला आम्ल लागत नाही, हे मला पुढं कॉलेजात कळलं. त्या दिवशी सर म्हणाले, हे ॲल्युमिनियम दिग्रसचं आहे, पुस्तकातलं पुण्याचं असेल. आणि हे बोलत असतानाच ती नळी अशी उसळली की काळपट गरम फेस घोडीवरून कट्ट्यावर आला आणि पुढच्या मुली किंचाळत मागं सरल्या.

त्या गोंधळात मी शेवटच्या नळीत माझी कडी सोडली. आधी काही झालं नाही. मग पकडीनं तोडलेल्या दोन्ही टोकांना बुडबुडे दिसू लागले. बारीक, मोत्यासारखे. मला ते ओळखीचे वाटले, कारण तेच मी आत्ता जस्ताच्या नळीत पाहिले होते. बघता बघता ते वाढले, वरची चमक पापुद्र्यासारखी सुटली आणि आत करडी कडी दिसू लागली. सरांनी पाहिलं. त्यांच्या हातात काडी पेटलेलीच होती, ती त्यांनी सवयीनं नळीच्या तोंडाशी नेली. फट् झालं. छान, ठसठशीत फट्. त्या दिवसातलं सगळ्यांत चांगलं.

ती कडी कुणाची, हे सगळ्यांना माहीत होतं, कारण मीच मधल्या सुट्टीत सगळ्यांना सांगितलं होतं. सरांनी काडी विझवली आणि नेहमीच्या आवाजात लिहायला सांगितलं, “निरीक्षण. चांदी : अभिक्रिया होत नाही.” सगळ्यांनी लिहून घेतलं. मी ती ओळ कोरी सोडली. यात सत्यनिष्ठा वगैरे नव्हती. डोळ्यांत पाणी आल्यामुळं वही दिसत नव्हती.

मी नोकरीभर यवतमाळच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत बसले. गावोगावच्या बोअरच्या बाटल्या यायच्या, मी निकाल काढायचे. एक गोष्ट लवकरच लक्षात आली. लोकांना पाणी तपासून हवं असतं, निकाल नको असतो. सरपंच बाटली घेऊन अर्धा दिवस बाकावर बसतील, आणि पाणी पिण्यालायक नाही म्हटलं की मलाच विचारतील, मॅडम, जरा नीट बघा ना. मी त्यांच्यावर कधी चिडले नाही, कारण निकाल घेऊन घरी जायची पहिली वेळ मला आठवत होती.

त्या संध्याकाळी घरी माय कढी ढवळत होती आणि ताई मशीनवर बसली होती. बाबा जिनिंगमधून यायचे होते. मी करडी कडी ताईसमोर ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. ताईनं पायातली तोरडी काढली, उलटी करून आतल्या बाजूनं, जिथं घोट्याला घासत होती तिथं, नखानं खरवडली. बराच वेळ बघत राहिली. माय आधी माझ्यावर घसरली. शाळेत शिकायला पाठवतो की दागिने जाळायला. तपासायची एवढी हौस होती तर परीक्षा झाल्यावर तपासायचं. मग नेरवाल्यांवर घसरली. मग रडली. म्हणाली की आता हे नेरला पोचणार, सोयरीक मोडणार, आणि सोयरीक मोडलेल्या पोरीला काय काय ऐकावं लागतं ते मी सांगायची गरज नाही. बाबा आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, कडी हातात घेतली आणि न बघताच परत ठेवली. ज्या माणसानं आयुष्यात कलिंगड वाजवल्याशिवाय घेतलं नाही, तो म्हणाला, “जाऊ द्या. पोरगा चांगला हाय. इतकं खोलात कायले जायचं?”

मला वाटलं, मी ऐकण्यात चूक केली. ताईला तसं वाटलं नसावं. तिनं बाबांकडे एकदा नीट पाहिलं आणि जेवायला बसली.

त्याच आठवड्यात आम्ही दोघी मावशीकडे म्हणून नेरला निघालो. मावशी नेरला होती हे खरं होतं. तेवढंच खरं होतं. एसटीत कापसाची बोचकी आमच्या मांडीवर आली होती. दारव्ह्याला गाडी थांबली तेव्हा ताईनं भजी घेतली, मला दिली, स्वतः खाल्ली नाहीत, आणि मला विचारलं की त्या दिवशी सगळ्यांत जास्त बुडबुडे कशाला आले. मी म्हटलं, उशिरा आले, पण जर्मनला. ती म्हणाली, असं का. एवढंच.

गुरुजींची शाळा सुटायची होती. निंबाखाली पोरं पाढे म्हणत होती आणि गुरुजी त्यांच्यामधून छडी न वापरता फिरत होते. आम्हाला बघून त्यांनी आधी शाळेच्या फाटकाकडे पाहिलं, आमच्यामागं अजून कोण आहे ते बघायला. मग पोरांना सोडून ते आले. ताईनं पदराच्या गाठीतून तोरड्या काढून शाळेच्या पायरीवर ठेवल्या, शेजारी करडी कडी ठेवली.

“हे चांदी नाही,” ती म्हणाली. “तुमाले माहीत होतं का?”

माझी खात्री होती की तो नाही म्हणेल. नाही म्हणणं सोपं होतं, आणि आम्ही दोघी त्यावर विश्वास ठेवायच्या तयारीनंच आलो होतो.

“माहीत होतं,” तो म्हणाला. या वेळी ऐकू आलं.

मग त्यानं तुटक तुटक सांगितलं. त्याची आई आपल्या पायातल्या तोरड्या काढून देत होती. त्या अस्सल, तिच्या माहेरच्या. पण वडील म्हणाले, त्या काळ्या पडल्यात, झिजल्यात, चारचौघांत बरं दिसत नाही. आणि यवतमाळहून या चमकणाऱ्या आणल्या. नंतर बदलून देऊ म्हणाले होते. साक्षगंधात भाषण चालू असताना तो खाली मान घालून बसला होता, ते आम्हाला लाजणं वाटलं होतं.

ताईनं विचारलं, मग तेव्हाच का नाही सांगितलं. त्यानं शर्टाची बाही सारून मनगटावरचं घड्याळ काढलं आणि तेही पायरीवर ठेवलं, तोरड्यांच्या शेजारी.

“हे दुपारी थांबते,” तो म्हणाला. “रोज. मंग हलवलं का चालते. इथल्या घड्याळवाल्यानं उघडून पाह्यलं, आतमधी कागद कोंबला हाय. मी म्हटलं, तुमच्या बाबाले कोणी तरी फसवलं असन. त्यायले वाईट वाटन म्हणून बोललो नाही.”

पायरीवर दोन्ही घरच्या भेटी शेजारी शेजारी पडल्या होत्या आणि दोन्ही छान चमकत होत्या. मला हसू आलं ते मी भज्याच्या कागदात दाबलं. ताई हसली नाही. रागानं भरून आलेल्या माणसाचा राग कुणी अचानक काढून घेतला की तो कसा रिकामा दिसतो, तशी ती दिसत होती. मग ती त्याच्यापासून हातभर अंतरावर पायरीवरच बसली. ती म्हणाली, “लगन मी करीन. पण ह्या मी घालणार नाही, अन् तुमी हे घालू नका. लोकं विचारतीन, काहून. घरी तुमी सांगा, माझ्या घरी मी सांगतो.” त्यानं मान हलवली. तो खरंच सांगेल की नाही, याची खात्री मला नव्हती. ताईला होती का, हे मी तिला विचारलं नाही.

परत आलो तेव्हा बाबा अंगणात सायकलच्या चेनला तेल देत होते. ताईनं तोरड्या आणि घड्याळ त्यांच्यापुढं वर्तमानपत्रावर ठेवलं आणि उभी राहिली. बाबांनी घड्याळ ओळखलं. ते उचलून कानाशी नेलं. ते बंद होतं. हात पुसले. मग आवाज न चढवता, मान वर न करता त्यांनी सांगितलं की साक्षगंधाच्या आदल्या दिवशी त्यांनी ते मागून उघडून पाहिलं होतं. न तपासता घरात काही येतच नव्हतं, तर घड्याळ कसं येईल? कागद त्यांना दिसला होता. पण विकणारा माणूस यवतमाळला, आणि पाहुणे सकाळी दारात. मग त्यांनी ते पुन्हा बंद केलं.

“अन् तोरड्या?” ताईनं विचारलं.

“कडी तोडली तवाच समजलं होतं मले. चांदी अशी तुटत नाही.”

“मंग?”

बाबांनी घड्याळ वर्तमानपत्रावर परत ठेवलं. “मंग बरं वाटलं,” ते म्हणाले.

आतून मायनं हे ऐकलं. तिला घड्याळाचं काहीच ठाऊक नव्हतं. त्या दिवशीची कढी अळणी झाली आणि बाबांनी ती मीठ न मागता संपवली. पुढं कितीतरी दिवस माय त्यांच्याशी माझ्यामार्फत बोलत होती. तुझ्या बाबाले म्हण पाणी तापलं. पण तिच्या न्यायात एक गंमत होती. बाबांनी केलं ते नाइलाजानं, नेरवाल्यांनी केलं ती लबाडी. लग्न होऊ दे, ती म्हणाली, पण त्या इहिणीच्या ताटात मी माझ्या हातानं एक घास वाढणार नाही.

दरम्यान साहेब आले आणि गेले. सर पांढरा शर्ट घालून आले होते. मॅग्नेशियमची फीत त्यांनी काळीज काढून द्यावं तशी काढली, काचकागदानं घासली आणि नखाएवढा तुकडा आम्लात टाकला. तो बघता बघता नाहीसा झाला, तशी सरांच्या चेहऱ्यावरची कळाही गेली. बाकी नळ्या नीट चालल्या. ॲल्युमिनियम पडून राहिलं तेव्हा साहेबांनी कारण विचारलं, आणि सर म्हणाले, तयारी चालू आहे त्याची, साहेब. शेवटची नळी रिकामी होती. साहेबांनी मला विचारलं, “चांदीचं काय होतं?” सरांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मला त्यांची दया आली. मी म्हटलं, “चांदीचं काही होत नाही, साहेब. पण ती चांदी असावी लागते.” साहेब हसले. आणि हसता हसता त्यांनी बोटातली अंगठी सहज मुठीत घेतली.

प्रभाकर गुरुजींनी घरी सांगितलं. ते कसं, हे ताईनं मला फार नंतर सांगितलं. ते ओसरीवर गेले आणि सांगून टाकलं, पण इतकं हळू की वडिलांना ऐकू गेलं नाही. वडील म्हणाले, काय? मग दुसऱ्यांदा सांगताना आवाजाचा अंदाज चुकला आणि सगळ्या गल्लीनं ऐकलं की नेरच्या भाषणवाल्या पुढाऱ्यानं सुनेला जस्ताच्या तोरड्या घातल्या. वडिलांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. लग्नाला आले ते घुश्श्यात आले आणि मांडवात एका कोपऱ्यात खुर्ची फिरवून बसले. त्यांचं भाषण झालं नाही. एवढी एकच गोष्ट त्या लग्नात खरोखर साधी झाली, असं बाबा पुढं म्हणत.

ताई पांढऱ्या साडीत आली, पाय मोकळे. गुरुजींचं मनगट मोकळं. बायकांच्या बाजूनं कुजबुज उठली. ज्यांना सगळं माहीत होतं त्यांनीच जास्त विचारलं. माय ताठ बसून राहिली. तेवढ्यात गुरुजींची आई उठली. ठेंगणी, सावळी बाई. साक्षगंधापासून तिचा आवाज मी ऐकलाच नव्हता. ती मांडवाच्या मधोमध खाली बसली, आपल्या पायातल्या तोरड्यांची मळसूत्रं सोडवू लागली. ती मळ धरून घट्ट बसली होती, निघेनात. सगळा मांडव थांबला. भन्तेजी थांबले. शेवटी एक निघाली, मग दुसरी. काळ्या, झिजलेल्या, कुठंकुठं तारेनं बांधलेल्या. तिनं त्या ताईच्या पायात घातल्या आणि आपल्या जागी जाऊन बसली. त्या अजिबात चमकल्या नाहीत.

मग त्रिशरण झालं, हार झाले, पंगती बसल्या. इहिणींची पंगत बसली तेव्हा माय लांब भांड्यांपाशी उभी होती, ठरवल्याप्रमाणं. वाढपी वरण वाढून गेले, बुंदी वाढून गेले. गुरुजींची आई मांडी घालून बसली होती आणि साडीच्या काठाखाली तिचे घोटे दिसत होते. जिथं जन्मभर चांदी होती तिथं कातडीचा एक उजळ, गुळगुळीत पट्टा उमटला होता. ती पुन्हा पुन्हा साडी ओढून तो झाकत होती, आणि साडी पुरत नव्हती. मायनं ते पाहिलं. मला वाटतं, बराच वेळ पाहिलं. मग तिनं वाढप्याच्या हातातून बुंदीची परात घेतली, पंगतीत वाकली, इहिणीची साडी आधी घोट्यापर्यंत नीट खाली ओढून दिली आणि मग ओंजळभर बुंदी तिच्या पत्रावळीवर घातली.

“पुरे जी,” ती म्हणाली.

“घ्या,” माय म्हणाली, आणि अजून वाढलं.